वंडर वुमनच्या चित्रकथा

वंडर वुमनचा चित्रपट पाहून आलेल्या मुलाला वा मुलीला तिच्या चित्रकथा वाचण्याची इच्छा झाली, तर पहिलाच प्रश्न पडतो : प्रारंभ कोठून करावा? कादंबरीचे पहिले पान एकच असते. या नायिकेच्या कथेला मात्र पहिली पाने अनेक आहेत. 'अंक १' असे मुखपृष्ठावर छापलेले तिचे अंक निरनिराळ्या वर्षांचे सापडतात. कारण प्रकाशकांनी १९४२ मध्ये सुरू केलेली अंकगणना पुढे वारंवार पुन्हा एकपासून मांडली. हा गोंधळ दूर व्हावयाचा, तर तिचा इतिहास थोडा तरी ठाऊक हवा.

ही नायिका अमेरिकेत १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मास आली. तिचे निर्माते विल्यम मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते आणि चित्रे काढली एच. जी. पीटर यांनी. असत्य बोलताना मनुष्याच्या रक्तदाबात होणाऱ्या बदलाचा अभ्यास मार्स्टन यांनी केला होता. त्यांनी नायिकेच्या कमरेला तलवार न देता सोन्याचा एक दोर दिला. त्या दोराच्या फासात सापडलेल्यास खरे बोलणे भाग पडते! त्या काळच्या चित्रकथांतील बलाढ्य वीर बहुतेक पुरुषच होते. मुलींनाही आपलासा वाटेल असा वीर असावा, हा मार्स्टन यांचा हेतू होता.

मूळ कथा ग्रीक पुराणांच्या आधाराने रचलेली आहे. एका गुप्त बेटावर अ‍ॅमेझॉन नावाच्या शूर स्त्रिया राहतात. त्यांची राणी हिपोलिटा मातीची एक बालमूर्ती घडवते आणि देवतेच्या कृपेने त्या मूर्तीत प्राण येतो. तीच डायाना. पुढे स्टीव्ह ट्रेव्हर नावाचा वैमानिक विमानासह बेटावर कोसळतो. त्याला परत पोहोचवण्यास कोणी जावे, हे ठरवण्यासाठी स्पर्धा होतात. आई डायानाला भाग घेऊ देत नाही. तेव्हा ती मुखवटा घालून स्पर्धेत उतरते आणि जिंकते.

मार्स्टन १९४७ मध्ये वारले. त्यानंतर अनेक लेखकांनी डायानाला निरनिराळी रूपे दिली. त्यांतील एक फारच विलक्षण होते. १९६८ मध्ये तिच्या सर्व शक्ती काढून घेण्यात आल्या आणि ती कपड्यांचे दुकान चालवू लागली. लहानपणी तिच्या कथा वाचून वाढलेल्या स्त्रियांना हे रुचले नाही. १९७२ साली अमेरिकेतील 'मिस' या स्त्रियांच्या नियतकालिकाने तिच्या जुन्या रूपातील चित्र मुखपृष्ठावर छापले. १९७३ मध्ये तिच्या शक्ती तिला परत मिळाल्या.

१९८७ साली जॉर्ज पेरेझ यांनी मागील सर्व कथा बाजूला ठेवून डायानाचा वृत्तान्त अगदी आरंभापासून नव्याने सांगितला. म्हणून त्या अंकापासून वाचू लागणाऱ्यास आधीच्या पंचेचाळीस वर्षांचे काहीच ठाऊक नसले तरी चालते. २०११ मध्ये नवे लेखक आले आणि त्यांनी मातीची कथाच खोटी ठरवून डायानाला झ्यूस देवाची कन्या केले! यांतील खरे कोणते, असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. एकच लोककथा कोकणात एका रीतीने व विदर्भात दुसऱ्या रीतीने सांगितली जाते, तसेच हे आहे.

नव्या वाचकासाठी २०१६ मधील ग्रेग रुका यांची 'इयर वन' ही कथा सोयीची आहे. तिची बहुतेक चित्रे निकोला स्कॉट यांनी काढली आहेत. येथे एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. ही कथा सम क्रमांकाच्या अंकांतून छापली गेली आणि विषम अंकांत दुसरीच कथा चालू होती. ओळीने अंक वाचणाऱ्याची मती गुंग होते. त्यापेक्षा संपूर्ण कथा एकत्र बांधलेले पुस्तक घ्यावे. १९४० नंतरच्या दशकातील मूळ अंक मागाहून वाचावेत. ते मनोरंजक आहेत, पण युद्धकाळातील द्वेषामुळे त्यांत शत्रुराष्ट्रांतील लोकांची विकृत चित्रे आढळतात. अलीकडील काही कथा प्रौढांसाठीच लिहिलेल्या आहेत. तेव्हा पुस्तक निवडताना वडीलधाऱ्यांना किंवा ग्रंथपालांना विचारणे बरे.

बालवाचकांसाठी मुद्दाम लिहिलेले पुस्तकही आहे. शॅनन हेल व डीन हेल यांचे 'डायाना : प्रिन्सेस ऑफ द अ‍ॅमेझॉन्स' हे इंग्रजी पुस्तक २०२० मध्ये निघाले, त्याची चित्रे व्हिक्टोरिया यिंग यांची. त्यातील डायाना अकरा वर्षांची आहे. बेटावर सगळ्या मोठ्या स्त्रिया. तिच्या वयाचे कोणीच नाही. आईने आपल्याला मातीतून घडवले, मग आपणही एक मैत्रीण का घडवू नये, असे तिच्या मनात येते. ती समुद्रकाठी मूर्ती करते आणि ती मूर्ती खरोखरच जिवंत होते.