सायलेन्सरवाटे जाणारा पैसा

मालमोटारीत शंभर रुपयांचे डिझेल जळते, तेव्हा सुमारे तीस रुपयांची उष्णता धुरासोबत हवेत जाते. ती कामास लावता येईल काय? दोन भिन्न धातूंच्या सांध्यांवरील तापमानात फरक असला की वीज निर्माण होते, हे तत्त्व सीबेक यांच्या १८२१ मधील प्रयोगांतून पुढे आले. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांना याच तत्त्वाने वीज पुरविली. तेथे खर्चाचा प्रश्न गौण होता. येथे तोच मुख्य आहे.

अशी साधने उष्णतेचा साधारण विसावा भागच विजेत बदलतात. म्हणजे तीस रुपयांतून हाती येणार जेमतेम दीड रुपया. त्यातूनही साधनाची किंमत, वाढलेले वजन आणि धुराच्या वाटेतील अडथळा वजा करावयाचा. म्हणून हा प्रयोग क्वचित फिरणाऱ्या मोटारीवर नव्हे, तर लांब पल्ल्याच्या मालमोटारींवरच व्हावयास हवा.

अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. या सर्वांनी मिळून ऊस-कांदा वाहणाऱ्या मालमोटारींवर वर्षभर मोजमाप करावे आणि आकडे लोकांपुढे ठेवावेत. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण तळे बांधण्यापूर्वी गळती किती, हेही पाहावयास नको काय?