बर्फ आहे, पण गारवा नाही!

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या घरातला एसी तासन्‌तास चालू राही, पण खोली काही गार होईना. झाकण उघडून पाहिलं, तर आतल्या नळ्यांवर चक्क बर्फ! दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी लगेच निदान केलं, "गॅस संपलाय, भरावा लागेल." शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, हा गॅस शेगडीतल्यासारखा जळतो का? नाही तर मग संपतो कसा?"

प्रश्न नेमका होता. त्यासाठी एसी काय करतो ते आधी पाहू.

हातावर स्पिरिटचा थेंब टाकला की गार वाटतं. स्पिरिटची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हातातून घेतली जाते. एसीत स्पिरिटऐवजी 'प्रशीतक' असतो. त्यालाच आपण 'गॅस' म्हणतो. आतल्या नळ्यांत दाब कमी असतो. तिथे तो साधारण ५ अंश सेल्सिअसला उकळतो आणि खोलीतली उष्णता घेतो. काँप्रेसर ही वाफ दाबतो, त्यामुळे ती तापते. घराबाहेरच्या नळ्यांत उष्णता हवेला देऊन तिचा पुन्हा द्रव होतो. मग अरुंद वाटेतून जाताना दाब उतरतो आणि नवी फेरी सुरू होते. म्हणजे एसी गारवा 'तयार' करत नाही. विहिरीतलं पाणी पंपानं वर चढवावं, तशी तो उष्णता बाहेर नेतो. थंड देशांत हीच फेरी उलटी फिरवून हिवाळ्यात घर उबदार ठेवतात. म्हणून या यंत्राला उष्णता पंप म्हणतात.

या फेरीत प्रशीतक जळत नाही, खर्चही होत नाही. तो कमी झाला असेल, तर गळती आहे. ती न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं!

मग बर्फ कशामुळे? गॅस कमी झाला की आतल्या नळ्यांतला दाब घटतो आणि उत्कलनबिंदू शून्याखाली जातो. हवेतलं बाष्प नळ्यांवर गोठतं. पण हवेची जाळी तुंबली तरी हेच घडतं. नळ्यांना पुरेशी उष्णता मिळत नाही, म्हणून त्यांचं तापमान उतरतं. बर्फ साचला की हवेची वाट आणखीच बंद!

आम्ही एसी बंद करून बर्फ वितळू दिला. जाळी धुळीनं गच्च भरली होती. ती धुऊन, वाळवून बसवली. तासाभरानं तापमापी धरली. आत शिरणारी हवा ३० अंश, बाहेर पडणारी १९. यंत्र ठणठणीत होतं! पुन्हा बर्फ धरला असता, तर मात्र तंत्रज्ञाकडून गळती शोधून घ्यावी लागली असती.

हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोचवतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. नव्या यंत्रांतला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत तोही सुमारे ७०० पट आहे. म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराला २०१६ मध्ये किगाली इथे दुरुस्ती जोडून अशा वायूंवरही मर्यादा आणली गेली.

आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल की गरम? उत्तर सांगू नका. वाद होऊ द्या.