ड्रमर नाही? मग मशीन लावा!

गोरेगाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकलची गर्दी, फिल्मसिटी आणि आरे कॉलनी. पण आणखी एक गोरेगाव आहे, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात. समजा, तिथून नोकरीसाठी पुण्याला आलेल्या चौघांच्या डोक्यात बँड काढायचं खूळ शिरलं. आणि तेही गॉथ रॉक! काळे कपडे, डोळ्यांत काजळ, खर्जातला आवाज, स्मशानशांततेत घुमणारी गिटार. ऑफिसातली मंडळी म्हणतील, ‘हे काय नवीन?’ घरचे म्हणतील, ‘आधी कायम तर हो!’

हसू नका बॉस. गॉथ रॉकची सुरुवातही काही लंडनच्या झगमगाटात झालेली नाही. नॉर्थॅम्प्टन हे इंग्लंडमधलं बूट शिवणाऱ्यांचं गाव, त्यांचं कोल्हापूरच म्हणा ना! तिथल्या डॅनियल अ‍ॅशला १९७८ मध्ये बँड काढायचा होता. त्यानं कुणाला गाठलं? पीटर मर्फी या शाळेतल्या दोस्ताला. मर्फी तेव्हा छापखान्यात नोकरी करत होता आणि बँडमध्ये कधीच गायलेला नव्हता. पण दिसायला एकदम फिट! अ‍ॅशला तेवढं पुरलं. ड्रमवर केविन हॅस्किन्स आला, मागोमाग बेस घेऊन त्याचा भाऊ डेव्हिड जे. नाव ठरलं बाउहाउस, जर्मनीतल्या प्रसिद्ध कलाशाळेवरून.

आता खरी गंमत. बँडला जेमतेम दीड महिना झाला असेल, तोच २६ जानेवारी १९७९ ला ही पोरं स्टुडिओत शिरली आणि ‘बेला लुगोसीज डेड’ रेकॉर्ड करून बाहेर पडली. विषय काय, तर ड्रॅक्युला रंगवणारा जुना नट. लांबी नऊ मिनिटांहून जास्त! एवढं लांबलचक गाणं कोण काढणार? शेवटी लंडनच्या एका रेकॉर्डच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या ‘स्मॉल वंडर’ या चिमुकल्या कंपनीनं ते काढलं. गॉथची सुरुवात बहुतेक जण आज याच गाण्यापासून मोजतात.

लीड्सचा किस्सा तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावा असा. अँड्र्यू एल्ड्रिच तिथल्या विद्यापीठात चिनी भाषा शिकायला आलेला. त्यानं आणि गॅरी मार्क्सनं १९८० मध्ये ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ सुरू केला, रेडिओवर आपलं गाणं ऐकायला मिळावं एवढ्याच हौसेनं. पहिल्या रेकॉर्डच्या हजारभर प्रती निघाल्या, त्याही स्वतःच्याच ‘मर्सिफुल रिलीज’ लेबलवर. ड्रम वाजवायचा एल्ड्रिच, पण वाजवणं यथातथाच. मग त्यानं सरळ ड्रम मशीन आणलं, त्याला ‘डॉक्टर अ‍ॅव्हलान्श’ असं नाव दिलं आणि स्वतः माइक हातात घेतला. ते थंड, न चुकणारं, माणूसपण नसलेलं ठोकणं हीच पुढे बँडची ओळख झाली. ड्रमर चांगला असता तर हा आवाज सापडला असता का, कोण जाणे!

आणि मग तेच झालं, जे दोस्तांच्या धंद्यात होतं. पहिला अल्बम आला मार्च १९८५ मध्ये आणि त्याच वर्षी बँड फुटला. वेन हसी आणि क्रेग अ‍ॅडम्स बाहेर पडले आणि ‘द सिस्टरहूड’ नाव घ्यायला निघाले. एल्ड्रिचनं त्या नावानं आधीच रेकॉर्ड बाजारात आणून त्यांची वाट अडवली. ते ‘द मिशन’ झाले. डॉक्टर अ‍ॅव्हलान्श तेवढा भांडला नाही. तो अजून टिकून आहे!

म्हणून आपल्या चौघांना एक आगाऊ सल्ला. गिटारच्या आधी कागद घ्या. नाव कुणाचं, गाणं कुणाच्या नावावर, एकाची बदली बंगळुरूला झाली तर पुढे काय, सगळं लिहून ठेवा. गाणं लिहिणाऱ्याला रॉयल्टी मिळवून देणारी आयपीआरएस ही संस्था मुंबईतच आहे, तिचं सभासद व्हा. यात रोमँटिक काही नाही, मान्य!

आपल्याकडे या काळोखाच्या सर्वांत जवळ पोचलेला प्रकार म्हणजे मेटल. साहिल मखिजानं २००० मध्ये मुंबईत ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ काढला, स्वतःचं लेबलही काढलं आणि २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला. दशावतार आणि डेथ मेटल, काय कॉम्बिनेशन आहे! जागेची बोंब मात्र कायम. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजायचं, पण आसपास हॉस्पिटल आणि कॉलेज असल्यानं शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथला दणदणाट थांबला.

मालमसाला म्हणाल तर आपल्याकडे भरपूर आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी रात्री दिवा लावून वाचणाऱ्या पिढ्या इथल्याच. ‘तुंबाड’नं २०१८ मध्ये पाऊस, पडका वाडा आणि हाव यांतून जी भीती उभी केली, ती कुठल्याही ड्रॅक्युलाच्या तोडीची. मराठवाड्यातल्या पोराला तर अंधार म्हणजे काय ते वेगळं शिकवायला नको, लोडशेडिंगनं ते काम केलंय. ड्रम मशीन आता मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मिळतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी दहा वाजता बेल वाजवतील, पण दिवाळीच्या सुट्टीत चौघं गावी जाणारच आहेत. शेतातल्या आखाड्यावर रात्री अ‍ॅम्प्लिफायर लावला तर तक्रार करायला शेजारी कुणी नाही. फक्त थ्री-फेज लाइट किती वाजता येते, ते आधी विचारून ठेवा.