94 वर अडलेलं नेट

स्पीड टेस्टचा काटा सरसर चढतो आणि 94 वर येऊन थबकतो. प्लॅन 300 एमबीपीएसचा आहे. पुन्हा टेस्ट केली, पुन्हा 94. भल्या पहाटे करा, अ‍ॅक्सेस पॉइंटच्या ऐन खाली उभं राहून करा, 94च! अंजनगाव सुर्जीतल्या एखाद्या अभ्यासिकेत असं झालं तर पोरं म्हणतील, "नेट लय हळू चालून राह्यलं बाप्पा!" आणि सगळा दोष जाईल वायफायला.

पण वायफाय बिघडलं की आकडा नाचतो. भिंत आडवी आली की पडतो, जवळ गेलं की चढतो. हा गडी तर जागचा हलत नाही. इतकी शिस्त हवेत कुठली? संशय घ्यायचा तो छतावरच्या त्या अ‍ॅक्सेस पॉइंटला नेट पोचवणाऱ्या लॅन केबलवर. ती 1000 ऐवजी 100 एमबीपीएसवर चालली आहे.

मग आकडा 100 का नाही? कारण माहिती पाकिटं करून जाते. पूर्ण भरलेलं एक पाकीट तारेवर 1538 बाइटची जागा अडवतं. त्यात पत्ते आले, चूक तपासायचे आकडे आले, दोन पाकिटांमधली सक्तीची शांतताही आली. तुमचा खरा माल उरतो साधारण 1448 बाइट. भागाकार करा: शंभरातले 94!

आता खरा प्रश्न. केबलच्या दोन टोकांवरच्या, 1000 ची ताकद असलेल्या यंत्रांना 100 वर आणलं कोणी?

30 डिसेंबर 1803 रोजी याच सुर्जी-अंजनगावात दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांचा तह झाला. केबलचा जॅक खटकन बसला की तिच्या दोन टोकांनाही असाच एक तह होतो. फरक एवढाच, की 1803 चा तह युद्ध हरलेल्या शिंद्यांना मान्य करावा लागला होता. इथे दोघांनाही झेपेल असा सर्वात मोठा वेग ठरतो. प्रत्येक यंत्र दर 16 मिलिसेकंदांनी विजेच्या बारीक ठोक्यांचा एक झुबका पाठवतं: "मला 10 जमतं, 100 जमतं, 1000 पण जमतं." बोलणी 1000 वर पोचली, तर पुढचा मुद्दा निघतो: कोणाच्या घड्याळावर चालायचं? दोघं तोलामोलाचे निघाले, तर दोघंही मनाने एकेक आकडा काढतात. मोठा आकडा ज्याचा, घड्याळ त्याचं. जॅक बसवून तुम्ही स्टुलावरून उतरेपर्यंत हे सगळं आटोपलेलंही असतं!

आणि मेख इथेच आहे. केबलमध्ये तारा आठ, म्हणजे जोड्या चार: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. नेहमीच्या रंगक्रमात तहाची बोलणी होतात फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवर. 100 चा वेगही याच दोघींवर भागतो. 1000 ला मात्र चारही लागतात. समजा, निळीतली एकच तार जॅकमध्ये नीट टेकलेली नाही. तह 1000 चा ठरतो, पण पाळायला गेलं की जमत नाही. काही खटपटी झाल्या की बहुतेक यंत्रं मुकाट 100 वर उतरतात. जॅकशेजारचा दिवा लागलेला, नेट चालू, तक्रारीचा संदेश कुठेच नाही! नारिंगी किंवा हिरवी तुटली असती, तर दिवाच लागला नसता. म्हणजे मोबाइलवरचा तो 94 भिंतीतल्या न दिसणाऱ्या तारेचा रंगसुद्धा जवळजवळ सांगून जातो.

चारही जोड्या शाबूत असल्या की काय होतं, ते तर ऐकाच. प्रत्येक जोडी 250 एमबीपीएस नेते, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांना, त्याच दोन तारांवरून! प्रत्येक यंत्र आपण काय पाठवलं ते लक्षात ठेवतं आणि आलेल्या गोंगाटातून स्वतःचा आवाज वजा करतं. उरतो तो समोरच्याचा. विजेची एकेक खूण फक्त 8 नॅनोसेकंद टिकते. तेवढ्यात ती तारेवर दीड मीटरहून थोडी जास्त सरकते. म्हणजे 30 मीटरच्या केबलमध्ये, एका जोडीवर, एका दिशेने अठरा-एकोणीस खुणा एकामागे एक धावत असतात.

मग शोध कुठून घ्यायचा? आधी राउटरच्या किंवा स्विचच्या सेटिंगच्या पानावर ही केबल लावलेल्या पोर्टचा वेग बघा. तिथे 100 दिसलं, तर एक छोटी, खात्रीची केबल लावा. आकडा 1000 झाला तर चोर जुन्या केबलमध्ये. दोन्ही टोकांचे जॅक कापून नवे बसवा, मधले जोड तपासा. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो; गच्चीवरून नेलेल्या साध्या केबलचं आवरण उन्हाने तडकतं. स्वस्तातली केबल असेल तर आत तांब्याचा फक्त मुलामा आणि गाभा ॲल्युमिनियमचा असतो, वाकवला की तुटणारा. आणि अ‍ॅक्सेस पॉइंटला केबलमधूनच वीज देणारी डबी जरूर बघा. काही साध्या डब्या निळ्या-तपकिरी जोड्या विजेसाठीच राखून ठेवतात. तिथे केबल कितीही बदला, आकडा 100 च्या वर जाणार नाही. डबीच बदलावी लागेल.

नवा जॅक बसवताना तारांचा पीळ 13 मिलिमीटरहून जास्त उकलू नका. दोन तारांना पीळ दिला की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी 1881 मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. केबलचा एखादा टाकाऊ तुकडा सोलून बघा: चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा दिसेल, एकीचं बोलणं शेजारणीच्या कानी पडू नये म्हणून.