मुलांसह युरोपची आगगाडीची यात्रा : आराखडा कसा आखावा?

संघाच्या गतवर्षीच्या वार्षिक सभेनंतर अल्पोपहाराच्या वेळी अनेक सभासद बंधूंनी आम्हांस एकच प्रश्न केला : "दोन मोठी नातवंडे बरोबर घेऊन युरोपात आगगाडीने हिंडलात, ते जमले कसे?" प्रत्येकास निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा स्मरणिकेतून सर्वांस मिळून सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु प्रवासाचा आराखडा आणि मालाच्या पाठवणीचा हिशेब यांत फारसा भेद नाही, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई, सोळा वर्षांचा नातू व चौदा वर्षांची नात असे सहाजण २०२५ च्या मे महिन्यात निघालो. नातवाने प्रथम जी यादी केली, तीत पंधरा दिवसांत नऊ शहरे होती. आम्ही त्यास म्हटले, "बाळ, पोते जितक्या वेळा चढते-उतरते, तितक्या वेळा हमाली पडते आणि थोडे धान्य सांडतेही." मुक्काम बदलावयाचा म्हणजे सामान बांधणे, स्थानक गाठणे, नवे बिऱ्हाड शोधणे, अर्धा दिवस त्यातच खर्ची पडतो. सबब नऊ शहरांची पाच केली. पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडमधील कूर तीन, मिलान दोन, व्हेनिस तीन, एक रात्र गाडीत आणि व्हिएन्ना दोन. विमानाने पॅरिसला उतरावयाचे व व्हिएन्नाहून परतावयाचे, म्हणजे उलट्या फेरीचा खर्च नाही.

आता पासाविषयी. युरोपाबाहेरच्या रहिवाशांसाठी 'युरेल' नावाचा पास १९५९ पासून चालत आला असून आज तो ३३ देशांत चालतो. बारा ते सत्तावीस वर्षांपर्यंतच्या प्रवाशांस व साठीपुढील वृद्धांस त्यात सवलत आहे. चार ते अकरा वर्षांच्या मुलांस मोठ्या माणसासोबत पास विनामूल्य मिळतो. बाराव्या वर्षी ती सूट संपते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. महिनाभरात कोणतेही चार दिवस प्रवास करता येईल असा पासही मिळतो. आमचे प्रवासाचे दिवस मोजून चारच भरले, म्हणून तोच घेतला. रात्रीची गाडी पकडून मध्यरात्रीनंतर ती बदलावी लागली नाही, तर निघण्याचा एकच दिवस धरला जातो. पास भ्रमणध्वनीवर असतो व गाडीत चढण्यापूर्वी त्यात त्या गाडीची नोंद करावी लागते. ती न केल्यास दंड बसू शकतो.

तथापि पास म्हणजे जागा नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फ्रान्सच्या व इटलीच्या अतिवेगवान गाड्यांना आणि शय्यांच्या रात्रगाड्यांना आरक्षण सक्तीचे असून त्याचे पैसे निराळे पडतात. फ्रान्समध्ये तर पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मोजक्याच असतात. स्वित्झर्लंड, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील बहुतेक दिवसगाड्यांना ही अट नाही. शिवाय सुटी तिकिटे काही महिने अगोदर घेतल्यास पुष्कळदा स्वस्त पडतात. म्हणून दोन्ही भाव काढून ताळा पाहावा व मगच पास घ्यावा.

व्हिसाचाही हिशेब आहे. शेंगेन करारातील देशांस एकच व्हिसा चालतो; २०२४ च्या जूनपासून प्रौढांस त्याचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक आहे. विमान पॅरिसला उतरते म्हणून अर्ज फ्रान्सकडे करावा, असा चिरंजीवांचा समज होता. परंतु ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे अर्ज करावयाचा असतो. सूनबाईंनी रात्री मोजल्या : फ्रान्समध्ये चार, इटलीत पाच. अर्ज इटलीकडे गेला.

आहाराची चिंता आपल्या मंडळींस सर्वांत मोठी. मांस व दुधाचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून नेण्यास युरोपीय संघात मनाई आहे, म्हणून बेळगावचा कुंदा घरीच राहिला. भडंग, शेंगाचटणी व खाकरे बरोबर घेतले आणि बिऱ्हाडे स्वयंपाकघराची पाहिली. मे महिन्यात तिकडे सूर्य साडेआठ-साडेनऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम इथल्यापेक्षाही सुखाने पाळता आला.

आता आमची चूक सांगतो. पॅरिसमध्ये 'स्टेशन' असे एक नाही. दिशापरत्वे सात मोठी स्थानके आहेत. झ्यूरिचची गाडी गार द लियाँ या स्थानकावरून सुटते. आदल्या रात्री नातीने हे आम्हांस स्पष्ट सांगितले होते. पण नकाशात स्वित्झर्लंड पूर्वेस दिसते, म्हणून आम्ही टॅक्सीवाल्यास पूर्व स्थानक सांगितले. ती पुन्हा म्हणाली, "आजोबा, हे नव्हे." आम्ही तिला गप्प बसविले. तेथे फलाटावर आमच्या गाडीचे नाव नाही! दुसऱ्या स्थानकावर धावलो तोवर गाडी गेलेली. तिकडे गाडीची दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधीच बंद होतात. सहाजणांचे आरक्षण बुडाले, नवे घ्यावे लागले व कूरला पोहोचण्यास रात्र झाली. नात दिवसभर आमच्याशी बोलली नाही. चूक पैशाची होती त्याहून अधिक ती अविश्वासाची होती.

त्या रात्री आम्ही तिची समजूत घातली आणि वेळापत्रक, आरक्षणे व फलाट हे सारे खाते दोन्ही मुलांच्या हाती दिले. खर्चाचा रोजमेळ नातू लिही. दुसऱ्या मुक्कामाकडे जाताना बेर्निना मार्ग निवडला तो त्यांनीच. हा लोहमार्ग १९१० साली पूर्ण झाला असून २,२५३ मीटर उंचीवरून जातो व दातेरी रुळाच्या आधाराशिवाय चौदा फुटांस एक फूट असा चढ चढतो. आपल्या कॅसलरॉकच्या घाटात हा चढ ३७ फुटांस एक आहे. दूधसागर पाहिलेल्या नातवाने ही तुलना स्वतः काढून आम्हांस समजाविली. काचेच्या छताच्या खास गाडीस आरक्षण लागते. त्याच रुळांवरून जाणाऱ्या साध्या गाडीस लागत नाही, हेही त्यानेच शोधले. पुढे तिरानोहून कोमो सरोवराच्या काठाने मिलानला उतरलो. व्हेनिसहून व्हिएन्नास जाताना सहा शय्यांची एक खोली आम्हां सहाजणांस पुरली.

तात्पर्य, मुक्काम थोडे ठेवावेत. प्रत्येकाने स्वतः उचलेल एवढीच पिशवी घ्यावी, कारण आपल्या स्थानकांवर मिळतो तसा हमाल तिकडे सहसा मिळत नाही. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांस माल समजून नेऊ नये, त्यांस भागीदार करावे. नातू आणखी दोन वर्षांनी शिक्षणासाठी परगावी जाईल. पुढे पेढीवर बसेल न बसेल, ते आमच्या हाती नाही. पण खरी नोंद कशी ठेवावी हे तो त्या प्रवासात शिकला, आणि लहानाचे बरोबर असेल तर ते मानावे, हे आम्ही शिकलो. सभासद बंधू-भगिनींनी या अनुभवाचा लाभ घ्यावा, एवढी विनंती करून लेखणी आवरती घेतो.