गाडी रुतली? आधी फावडं, मग दोर!

पावसाळा आला की मोबाइलवर एक रील हमखास फिरायला लागतं. चिखलात रुतलेली थार किंवा जिम्नी, समोर दुसरी दणकट गाडी, मध्ये दोर आणि आजूबाजूला व्हिडीओ काढणारं अख्खं गाव. एक जबरदस्त झटका, गाडी बाहेर, जल्लोष! पण या सगळ्यात सर्वांत जास्त धोक्यात कोण असतं, माहितीये? दोराच्या अगदी रेषेत मोबाइल धरून उभा असलेला तुमचा दोस्त. ड्रायव्हर निदान काचेमागे तरी असतो.

रुतलेली गाडी कुणाला काही करत नाही. खरा धोका ती ओढायला घेतल्यावर सुरू होतो. ताणलेल्या दोरात बेचकीच्या रबरासारखी ताकद साठते. दोर किंवा तो अडकवलेला हुक तुटला, की ती सगळी ताकद एका क्षणात सुटते आणि लोखंडाचा तुकडा काच फोडून आत येऊ शकतो. ऑस्ट्रेलियात ऑफ-रोडिंगचं प्रचंड वेड आहे. तिथे टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, दोर अडकवून झटका दिल्यावर तो गोळा तुटून उडाला आणि माणसं दगावली, असं अनेकदा घडलंय. तिथे विकल्या जाणाऱ्या रिकव्हरी स्ट्रॅपवर धोक्याच्या सूचना छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

आधी उकरा

चाकं नुसती फिरताहेत आणि गाडी हलत नाहीये, असं दिसलं की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. जितकी रेस कराल तितकी चाकं खाली जातील. एकदा गाडीचं पोट मातीला टेकलं, की तीच गाडी ओढायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून इंजिन बंद करून उतरा, फावडं घ्या आणि चाकांपुढची व पोटाखालची माती बाजूने ओढून काढा. उकरताना गाडीखाली मात्र शिरू नका. वाळूत असाल तर टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि वाळूवर पकड घेतो. (डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरायची, हे विसरू नका!) चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड किंवा जाड फळ्या सरकवा आणि आलात त्याच चाकोरीतून हळूच मागे या. बऱ्याचदा काम इथेच होतं.

दोर कशाला बांधायचा?

बंपरला नाही, टो-बॉलला नाही आणि ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी दिलेल्या पातळ कड्यांना तर मुळीच नाही. चॅसिसला पक्के बसवलेले रिकव्हरी पॉइंट कुठे आहेत, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये घरीच बघून ठेवा.

दोर-दोरांतही फरक असतो. झटका देऊन ओढायचं असेल तर ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोरच हवा. साधा टो-स्ट्रॅप, साखळी किंवा तारेचा दोर ताणला जात नाही. त्यामुळे सगळा हिसका थेट हुकवर येतो. दोराची तुटण्याची क्षमता दोन्ही गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. म्हणजे दोन टनांच्या गाडीला चार ते सहा टन. दोर तोकडा पडला म्हणून दोन दोर लोखंडी शॅकलने जोडायचे नाहीत. एक तुटला तर ती शॅकल गोळीसारखी सुटते.

ट्रॅक्टरवाल्या दादांना बोलावलंत तर...

आपल्याकडे शेवटी धावून येतो तो गावातला ट्रॅक्टरच. पण दोर त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधायचा. मागच्या अ‍ॅक्सलपेक्षा उंच जागी बांधला, तर ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं आणि तो मागे, चालकाच्याच अंगावर, उलटू शकतो. हे इतक्या झटकन होतं की उडी मारायलाही वेळ मिळत नाही. मदतीला आलेल्या माणसाचा जीव आपल्या घाईपायी धोक्यात घालायचा का? तेव्हा झटका नको, हळूहळू ताण द्या.

बाकीच्यांनी काय करायचं?

लांब जायचं. दोर दहा मीटरचा असेल तर निदान पंधरा मीटर, तेही बाजूला. दोराच्या रेषेत पुढेमागे कुणी नको. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. दोन्ही गाड्यांत फक्त ड्रायव्हर आणि इशारे देणारा एकच जण. 'ओढ ओढ', 'थांब थांब' असं दहा जण ओरडले, की गोंधळ ठरलेला. दोराच्या मध्यावर जाड ओलं ब्लँकेट टाका. तुटलेल्या दोराची उसळी त्याने थोडी कमी होते, पण म्हणून जवळ उभं राहायचं नाही.

आणि बीचवर गाडी? कोकणात, गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेल्याबद्दल कारवाई होते, ती उगाच नाही. ओहोटीनंतर साधारण सहा तासांत भरती पूर्ण येते, अमावस्या-पौर्णिमेला तर जास्तच. पाणी चढायला लागलं की घाई होते आणि घाईतच चुकीच्या हुकला दोर अडकवला जातो. पाणी चाकांपर्यंत आलं, तर गाडी सोडा आणि माणसं बाहेर काढा. गाडीचा विमा असतो.

डिकीत एवढं असू द्या

- फावडं आणि जाड हातमोजे
- हवेचं प्रेशर मोजायचं गेज आणि छोटा कॉम्प्रेसर
- दोन ट्रॅक्शन बोर्ड
- क्षमता छापलेला दोर आणि शॅकल (चिखलात वापरलेला दोर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. धागे तुटले असतील तर फेकून द्या)
- ब्लँकेट, टॉर्च, प्रथमोपचार पेटी

रील? काढा की! फक्त पंधरा मीटरवरून, बाजूला उभं राहून. झूम आहेच ना मोबाइलला!