बत्तीस मतांचा हिशेब

८ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांविषयीचा ठराव मंजूर झाला. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. सभासद राष्ट्रे तेव्हा ५४ होती. एकानेही मतदान चुकवले नाही. ही घटना आपण विजय म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे, पण विजय किती काठावरचा होता हे क्वचितच बोलले जाते. महत्त्वाच्या प्रश्नावर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश राष्ट्रे बाजूने लागतात, आणि तटस्थ त्या मोजणीत धरले जात नाहीत. ४७ मतांत निदान ३२ हवी होती. तेवढीच पडली. बाजूच्या एकाच राष्ट्राने मत फिरवून विरोध केला असता, तर ठराव बुडाला असता.

भांडण जमिनीचे होते. हिंदी लोकांनी कुठे जमीन घ्यावी आणि कुठे राहावे, यावर १९४६च्या कायद्याने नवी बंधने घातली. जूनमध्ये डर्बनला सत्याग्रह सुरू झाला. भारत अजून पारतंत्र्यात होता, तरीही सरकारने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तक्रार आमसभेत नेली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश एम. सी. छागला यांनी भारताची कायदेशीर बाजू लढवली. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फील्ड मार्शल स्मट्स होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना घडवण्यात ज्यांचा हात होता, तेच आता हा आमचा अंतर्गत प्रश्न असल्याचे सांगत सनदेच्याच एका कलमाची ढाल पुढे करत होते.

पाठिंबा किती, याचा पहिला अंदाज आमसभेच्या समितीत आला, आणि तो चिंता वाढवणारा होता. ३० नोव्हेंबरला बाजूने २४, विरोधात १९, तटस्थ ६. साधे बहुमत होते. दोन तृतीयांश मात्र फार दूर. शिवाय समितीपुढचा मसुदा भारताचा मूळ मसुदा नव्हता. फ्रान्स आणि मेक्सिकोने सौम्य भाषेत लिहिलेला तो मजकूर होता. त्यात दोषारोप नव्हता. हिंदी लोकांना मिळणारी वागणूक दोन सरकारांमधल्या करारांना आणि सनदेला धरून असावी आणि पुढच्या अधिवेशनात दोघांनी अहवाल द्यावा, एवढेच होते. भारताने तो स्वीकारला. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. धारदार मजकुरावर २४ मतेही टिकली नसती, आणि सौम्य मजकुरातही स्मट्स यांचा मुख्य मुद्दा पडत होता: हा प्रश्न जगाच्या दरबारात येऊच शकतो, हे त्यात मान्य झाले होते.

समिती आणि आमसभा यांच्यामधल्या आठवड्यात बाजूची मते आठने वाढली, विरोधातली चारने घटली. समितीत न दिसलेली पाच राष्ट्रेही आता सभागृहात होती. प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवा, ही सूचना पुढे आली. ब्रिटन आणि अमेरिका तिच्या बाजूने होते. ती सभेने फेटाळली. छागलांच्या युक्तिवादाचे मोल मला इथे दिसते. न्यायालयाची वाट वरकरणी निष्पक्ष वाटते, म्हणून कुंपणावरच्या राष्ट्रांना तीच सर्वांत सोयीची होती. ती बंद झाल्यावर हो की नाही हे सांगणे भाग पडले. तरी सात जण तटस्थ राहिलेच.

मतदानानंतर पंडितांनी जाऊन स्मट्स यांना अभिवादन केले. हा पोकळ विजय आहे, त्याने मी सत्तेवरून जाईन आणि तुमच्या हाती काही लागणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले, असे पंडितांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. १९४८च्या निवडणुकीत स्मट्स खरोखरच हरले आणि वर्णभेदाला राज्यधोरण करणारा पक्ष आला.

दुसऱ्या वर्षीचा निकाल अधिक शिकवतो. १९४७मध्ये याच विषयावरच्या ठरावाला ३१ मते मिळाली, म्हणजे पाठिंबा जवळपास तेवढाच. पण विरोधात १९ गेले आणि ठराव पडला. बाजूच्या मतांवरून पाठिंबा मोजणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नसते. दोन तृतीयांशाच्या खेळात विरोधातले एक मत बुजवायला बाजूची दोन लागतात, म्हणून वशिला लावायचा तो आधी विरोधकांपाशी, त्यांना निदान तटस्थ करण्यासाठी.

१९४६च्या ठरावातली एक उणीव मला सलते. त्यात बहुसंख्य आफ्रिकी जनतेचे नावही नव्हते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष झुमा त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये होते, पण सभागृहात बोलण्याचा हक्क त्यांना नव्हता. १९५२मध्ये भारतासह तेरा आशियाई व अरब राष्ट्रांनी संपूर्ण वर्णभेदाचा प्रश्न आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणला, तेव्हा कुठे ती उणीव भरून निघायला सुरुवात झाली.